गोगलगायींचा गाडा

“साहेब, गोगलगायीत नवरा कोण आणि बायको कोण, हे कसं ओळखायचं?”

मी विचारलं आणि अख्खा वर्ग असा चिडीचूप झाला, की पत्र्यावरून गळणारं पाणी ऐकू यायला लागलं. मग मागच्या बाकावरून ‘फुस्स’ आलं. ते करिश्मा आडेचं. पैज तिनंच लावली होती. “विचारलंस तर मानलं तुला. नाही विचारलंस तर आजपासून तुझं नाव शेंबडी,” असं ती प्रार्थनेच्या वेळी कानात म्हणाली होती, आणि बाकीच्या पोरींनी माना डोलावून शिक्कामोर्तब केलं होतं.

नववीतली गोष्ट आहे. आता मी अकरावीत आहे, तरी साबुदाणा दिसला की तो पावसाळा आठवतो आणि घशाशी येतं. आठवीपर्यंत मी वर्गात ‘हजर’ सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. मग जुलैत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला ढाल मिळाली, आणि त्यानंतर माझं तोंड जे उघडलं ते मिटायचं नावच घेईना.

हेडसरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू टेबलावरच्या बरणीतली गोगलगाय मीच. पण गोगलगायींची माहिती द्यायला आलेले शेतकी खात्याचे गुट्टे साहेब हसले नाहीत. त्यांचे कान तेवढे लाल झाले.

“प्रश्न चांगलाय,” ते म्हणाले. “हिच्यात नवरा-बायको असं काही नसतं. एकीच्याच अंगात दोन्ही. म्हणजे काय? सगळ्याच्या सगळ्या अंडी घालतात. मुळाशी, ओल्या मातीत. शेकड्यानं.”

त्यांनी दुसरी बरणी वर धरली. तळाला मातीत पांढरट, पिवळसर मण्यांचा पुंजका होता.

“साबुदाणा!” कोणीतरी ओरडलं.

“तसाच दिसतो. खाऊ नका म्हणजे झालं. म्हणून सांगतो, गोगलगाय उचलली की मिठाच्या पाण्यात बुडवायची आणि खोल पुरायची. नुसती उचलून दुसरीकडं टाकली, तर ती तिथं घर करते.”

तास संपल्यावर करिश्मानं माझ्या पाठीत धपाटा घातला. “मानलं, प्राजे! आता पुढची पैज, हेडसरांना विचारायचं, तुमच्यात नवरा कोण?”

आम्ही पोट धरून हसलो. हसायला त्या वर्षी फारसं काही नव्हतं.

आमच्या चिंचनाळला गोगलगाय म्हणजे पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर एखादी, नखाएवढी. पण पावसाचं तंत्रच बिघडलं. पूर्वी पाऊस पडायचा, मग उघडीप द्यायची, रान सुकून वाफसा धरायचं. आता एक तर महिना महिना थेंब नाही, नाहीतर उघडीपच नाही. त्या साली रान दीड महिना वाळलंच नाही. आणि मग या आल्या. मुठीएवढ्या, तपकिरी, पाठीवर टोकदार शंख. पेरलेलं सोयाबीन दोन पानांवर आलं की रात्रीतून साफ. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, दुसऱ्यांदा पेरलं, तेही साफ. मग त्यांनी वाफ्याऐवजी उंच वरंब्यावर बी टोकलं, बांधाला चुन्याची रेघ मारली, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून सरीत पसरले. सकाळी गोणपाट उचलला की खाली त्या एकीवर एक चिकटून बसलेल्या असायच्या. शी! अंगावर काटा यायचा. हाताला पिशवी बांधून आम्ही त्या वेचायचो. उचलताना ‘चप्’ असा आवाज यायचा. पिशवी फाटली तर तो चिकटा बोटांना लागायचा, आणि साबणानं जायचा नाही. राखेनं घासावा लागायचा. डबा खाताना आपल्याच हाताचा वास यायचा, पोळीला तोच, भाजीला तोच.

गावानं शाळेमागं खड्डा खणला. मिठाचं पाणी टाकलं की त्यांच्या अंगातून हिरवट फेस यायचा, बारीक चिर्र आवाज यायचा. दोन दिवसांत खड्ड्याची अशी घाण सुटली, की वर्गात खिडक्या लावून बसावं लागलं. कुत्र्यांनी उकरून शंख गावभर नेले. आमच्या उंबऱ्यातच एक फुटका आणून टाकला, आत अजून थोडं हलत होतं. आई तिथंच उलटी करून मोकळी झाली.

आणि तेवढ्यात श्रावण लागला.

“आता मीठबीठ बंद,” मन्मथ अण्णा म्हणाले. अण्णा गावातले सगळ्यांत थोरले, त्यांच्या पुढं कोणी बोलायचं नाही. संध्याकाळी देवळापुढं सगळे जमले होते, मीही अप्पांच्या मागं उभी होते. “पाठीवर शंख घिऊन आल्याला जीव हाय. श्रावणात मारला तर पिढ्या फेडतील.”

“मग कराव काय, अण्णा?” अप्पांनी विचारलं.

“पटकी आली तवा काय केल्तं आपल्या बापजाद्यांनी? मरीआईचा गाडा. वाजतगाजत शिवेपार नेला, ठिवला, मागं न बघता घरी आले. तसंच करायचं. गोळा करा, गाडा भरा, ओढ्यापार सोडा. मारायचं पाप न्हाई, रानबी मोकळं.”

सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा हलकेपणा आला, जणू पोटातली कळ थांबली. गाडा कोणाचा, बैल कोणाचे, यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी अण्णा म्हणाले, “बिराजदाराची जोडी लावा.” अप्पांची छाती वीतभर पुढं आली. आमच्या बैलांना गावाचा मान आजवर कधी मिळाला नव्हता, पोळ्यालाही आमचा नंबर शेवटचाच.

दुसऱ्या दिवशी मी हे करिश्माला सांगितलं तर ती म्हणाली, “अळ्यांवर फवारा मारताना श्रावण नसतो वाटतं? का अळीच्या पाठीवर शंख नाही म्हणून तिला मेलं तरी चालतं?”

“तू येऊन सांग अण्णांना.”

“मला देवळापुढं कोण उभं करतंय बाई,” ती म्हणाली, आणि विषय बदलून झेंडूवर आली. त्या दिवसांत ती कुठूनही झेंडूवरच यायची. ओढ्यापलीकडं त्यांचा तांडा, आणि तांड्याच्या खाली, पाण्याला लागून, तिच्या आईच्या नावचा जमिनीचा तुकडा. दरवर्षी दसरा झाला की ते सगळे ऊसतोडीला जायचे आणि करिश्माचं बाक उन्हाळ्यापर्यंत रिकामं राहायचं. या वर्षी तिच्या आईनं सोयाबीनच्या नादी न लागता झेंडू लावला होता. झेंडूला लागवड उशिरा चालते, पाऊस मागंपुढं झाला तरी निभतं. दसऱ्याला फुलं हाताशी आली, की घरी राहायचं आणि पोरीनं नववी पुरी करायची, असं ठरलं होतं. नाही आली तर या खेपेला करिश्मानं कोयता धरायचा. ती तेवढी मोठी झाली होती आता.

“कळ्या धरल्यात,” ती म्हणाली. “याडी रोज मोजती. मी म्हटलं, नको मोजू, नजर लागंल.” याडी म्हणजे तिची आई.

सोमवारी गाडा निघाला. आईनं सकाळी उपासाची खिचडी केली होती. ताटात बघितलं आणि मला बरणी आठवली. दाणा न् दाणा फुगलेला, चकचकीत, एकमेकांना चिकटलेला. मी ताट सरकवलं. “थेर बघा हिचे, ढाल मिळाल्यापासून,” आई म्हणाली.

देवळापुढं गाडा सजला होता. आमच्या ढवळ्या-पवळ्याची शिंगं अप्पांनी निळ्या रंगानं रंगवली होती. गाड्यात गोण्याच गोण्या, तोंडं सुतळीनं बांधलेली, आणि त्या गोण्या आतून हळूहळू हलत होत्या. शिवणीतून चिकटा गळत होता, चाकाच्या आऱ्यांवर लोंबत होता. आणि त्या गोण्यांना बायका हळदकुंकू लावत होत्या! शेजारच्या काकूंनी एका गोणीवर खण ठेवला, हिरवा चुडा ठेवला, नारळ ठेवला. गोणीच्या फाटक्या कोपऱ्यातून एकीनं शिंगं बाहेर काढली आणि ती खणावर चढली, काठावरून सरपटत, मागं ओली रेघ. काकूंनी हात जोडले.

हलगी वाजायला लागली. पोरं पुढं, बायका मध्ये, गाडा मागं. ओढ्यापाशी अण्णांनी हात वर केला. “बाया-पोरांनी हितूनच माघारी. गाडा बाप्ये नेतील. आन् कुणी मागं बघायचं न्हाई. बघितलं की ती परत येती.”

सगळे वळले. हलगी गावाकडं निघाली. आईनं माझा दंड धरला होता.

मी मागं बघितलं.

अप्पांनी बैल पाण्यात घातले होते. पलीकडच्या काठावर गाडा चढला, थोडा पुढं गेला, आणि एका बांधाला लागून थांबला. चौघांनी गोण्या ओढल्या, सुतळ्या कापल्या आणि तोंड दुसरीकडं फिरवून, हात लांब करून ओतल्या. ओल्या दगडांची रास कोसळावी तसा आवाज झाला. बांधाच्या आत हिरवी रोपं होती. त्यांच्यावर पिवळे ठिपके.

“आई, तो झेंडू आहे,” मी म्हणाले. “आई, तो करिश्माचा झेंडू आहे!”

“पुढं बघ,” आई म्हणाली, आणि तिनं माझी वेणी धरून मान सरळ केली.

मंगळवारी करिश्मा शाळेत आली नाही. शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट ओढा उतरले. ती बांधावर उकिडवी बसली होती, हाताला पिशवीसुद्धा नव्हती. उघड्या बोटांनी झेंडूच्या देठावरून एकेक ओढून बादलीत टाकत होती. रोपांची साल सोललेली. कळ्या वरून धडधाकट दिसायच्या, पण हात लावला की आतून पोकळ, पाकळ्यांचा नुसता लगदा. सगळीकडं तो वास, कुजक्या भाताचा.

“गाडा तुमचा होता?” तिनं वर न बघता विचारलं.

“हो.”

“बैल?”

मी तिच्या बादलीत बघितलं.

“ढवळ्याच्या शिंगाला असला निळा रंग तुझ्या अप्पाशिवाय कुणी देत नाही. मी तांड्यावरूनच ओळखला. मला वाटलं, पोळ्याची तालीम चाललीय.” ती हसली. पण ते तिचं नेहमीचं ‘फुस्स’ नव्हतं.

“करिश्मा, बास,” तिची आई पलीकडच्या सरीतून म्हणाली. “पोरगी आली ना ती? गाव आलं का?” मग तिनं माझ्यापुढं एक डबा सरकवला. डब्यात मिठाचं पाणी होतं. “घे. हात घाण होतील बरं.”

मी दप्तर बांधावर ठेवलं आणि बसले. पहिली उचलली तेव्हा डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं उघडले. मिटून वेचता येत नाही.

“मावशी, तुम्ही गावात येऊन का नाही बोलत?” मी विचारलं.

“काय बोलू? माझी सासू सांगायची. गावात पटकी आली, की मरीआईचा गाडा आमच्याच दारात. मग आमचे लोक पालं गुंडाळायचे, बैलांवर लादायचे, तांडा पुढं न्यायचे. तिथं दुसरं गाव.” तिनं एक देठ सोडवून सरळ केला. “आता कुठं हलवू? आता जमीन आहे माझी. झेंडू गुंडाळून नेता येतो का?”

तो अख्खा आठवडा मी रोज गेले. घरी सांगायचे, जादा तास आहेत. आई माझ्या हातांचा वास घ्यायची आणि म्हणायची, “कसले तास गं हे, मासळी बाजारात भरतात?” मी राखेनं हात घासायचे. रोज वाटायचं, आज कमी झाल्या. शनिवारी करिश्माच्या आईनं सुकत चाललेलं एक रोप उपटलं, आणि मुळाशी तो पुंजका निघाला. पांढरट, पिवळसर, एकमेकांना चिकटलेला. दुसऱ्या रोपाखाली दुसरा. तिसऱ्याखाली दोन.

करिश्मा माझ्याकडं बघत राहिली. “नवरा कोण, बायको कोण,” ती हळूच म्हणाली. “सगळ्याच बायका निघाल्या, प्राजे.”

आम्ही दोघी बोटांनी माती उकरत राहिलो. दाणे चिमटीत फुटायचे, आतून पाण्यासारखं काहीतरी यायचं. मला ओकारी आली. मी बांधाआड जाऊन ओकले, तोंड पुसलं, आणि परत येऊन बसले. अर्ध्या रानातला झेंडू गेला होता. वरच्या बाजूचा, तांड्याकडचा, अजून उभा होता. “एवढा राहिला तरी भागतंय,” करिश्माची आई म्हणाली. ऊसतोडीला माणसं ठरवणारा मुकादम त्यांच्या अंगणात बाजेवर येऊन बसला होता, चहा पीत. ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

रविवारी रात्री जेवताना अप्पा खुशीत होते. “उद्या दुसरा गाडा हाय.”

“दुसरा?”

“आपल्या रानात परत दिसलाल्यात. खालून निघल्यात कुठून की. अण्णा म्हणले, तीन सोमवार केलं की गाडा पुरा होतो. जोडी आपलीच.”

“अप्पा, त्या खालून निघणारच. अंडी आहेत मातीत. गुट्टे साहेबांनी...”

“गुट्टे साहेबाला पगार हाय. जेव.”

मी रात्रभर जागी होते असं नाही. मेल्यासारखी झोपले, हात उशाला घेऊन, आणि हातांच्या वासानंच पहाटे जागी झाले.

सकाळी बाहेर हलगीवाल्यानं हलगी शेकायला घेतली होती. अप्पा अंगणात ढवळ्याच्या शिंगाला नवा निळा हात देत होते. आईनं माझ्यापुढं ताट ठेवलं. खिचडी. वर दाण्याचं कूट, बाजूला दह्याची वाटी. दाणा न् दाणा चकचकीत.

मी ताट घेऊन अंगणात आले आणि अप्पांच्या पुढं धरलं.

“काय गं?”

“हे झेंडूच्या मुळाशी आहे. करिश्माच्या. अस्संच. मी या बोटांनी काढलंय आठवडाभर.”

“शिवशिव!” आई धावत आली. “उपासाच्या ताटाला काय बोलतीस! आन् तू तांड्यात जालालीस? जीव मारलास? श्रावणात? त्या हातानं माझ्या चुलीपाशी फिरलीस?”

“हो.”

“अंगावर पाणी घे आधी. देवाजवळ जाऊ नको, शिवू नको कशाला.” आई खरंच दोन पावलं मागं सरली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. गोणपाट उचलताना माझ्या चेहऱ्यावर तेच असायचं.

अप्पांनी रंगाचा ब्रश खाली ठेवला. “हे बघ, प्राजू. कुठंतरी वतायच्याच होत्या.”

“तुम्हाला माहीत होतं तिथं कोणाचं रान आहे ते?”

“तांड्याचं.”

“कोणाचं?”

अप्पा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. “गाडा पहिल्यापासून तिथंच जातो,” ते म्हणाले. “म्या काय नवीन केलं न्हाई. गावानं मान दिला, न्हाई म्हणू का? आन् आपलं सोयाबीन? ते जगाव का न जगाव? का तुझी ती ढाल उकडून खायची हाय?”

“खड्डा खोल खणू. कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा. मीठ टाकू, चुना टाकू. मी वेचते. रोज, शाळेच्या आधी. करिश्मा येते म्हणाली, तिची आई येते म्हणाली. आपल्या रानातल्या वेचायला, अप्पा! त्या येतात म्हणाल्या!”

“श्रावणात?” आई म्हणाली.

“श्रावणातच.”

बाहेरून अण्णांचा आवाज आला, “बिराजदार, जोडी आणा की! गोण्या फुटलाल्यात हिकडं!” अप्पांनी कासरा उचलला. माझ्याकडं बघितलं नाही. आईनं घाईनं हळदीकुंकवाचं ताट घेतलं, आणि मला म्हणाली, “चल, पुढं हो पोरींत. लोक काय म्हणतील. मग बघू काय ते.”

मी खिचडीचं ताट ओट्यावर ठेवलं. चपला घातल्या नाहीत, चिखलात त्या निघून येतात. दारातून बाहेर पडले आणि परत वळले, कारण हे त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

“मी गाड्यापुढं चालणार नाही. मी आता ओढ्यापलीकडं जातेय, झेंडूच्या बांधावर. करिश्मा आणि मावशी तिथं वेचत असतील. आम्ही तिघी बांधाला लागून उभ्या राहणार. गोण्या ओतायच्या तर आमच्या पायांवर ओता.” शब्द एकमेकांवर आदळत होते, वक्तृत्वाच्या ढालीचा काही उपयोग होत नव्हता. “आणि अप्पा, ओतणाऱ्यानं तोंड फिरवायचं असतं ना? तुम्ही फिरवा. मी नाही फिरवणार. मी तुमच्याकडंच बघत उभी राहणार.”